उन्हाळ्याच्या तोंडी, रानातल्या निखाऱ्यावर

आमच्या लातूर भागात रानात जाऊन जेवायचं कौतुक सगळं थंडीचं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस. त्या दिवशी निलंगा, औसा, लातूर ओस पडतात आणि घरंच्या घरं भज्जी, आंबील, उंडे खायला रानात जातात. मग हुरडा. कणसं चिकात आली की आगटी पेटते, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. पण एकदा ज्वारी निघाली, कडब्याचं बुचाड रचून झालं, की मौजेखातर रानाकडं कुणी फिरकत नाही. उन्हाळा आमच्याकडं सोसायचा. त्याचं स्वागत बिगत कुणी करत नाही.

मला ते पटत नाही. होळी ते पाडवा हा जो वर्षाचा तुकडा आहे, त्यातल्या संध्याकाळी मराठवाड्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी आहेत. दुपारी ऊन चटका देतं, पण दिवस मावळला की काळं रान भराभर निवतं आणि वारं सुटतं. दव नसतं, चिखल नसतो. पिकं निघाल्यामुळं बसायला, उठायला, विस्तव करायला जागाच जागा. लाकूड वाळून खडखडीत झालेलं असतं. चिंचा झोडायची हीच वेळ, बाजारात पहिल्या कैऱ्या यायची हीच वेळ. मे महिन्यात असं बसायचं म्हटलं तर रात्री दहापर्यंत जमिनीतून वाफा येतात. म्हणून निखाऱ्यावर भाजून खायचं असेल तर उन्हाळ्याच्या तोंडीच, असं मी मित्रांना कितीतरी दिवस सांगत होतो. 2025 च्या मार्चमध्ये ते जमलं.

जमवायला सगळ्यात अवघड गेली ती तारीख. मांसाहाराचा बेत म्हटलं की आमच्याकडं आधी पंचांग उघडतं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यात एकादशी कुठं येते ते बघायचं. नोकरीवाल्यांना रविवारशिवाय सवड नाही. शिवाय रमजान चालू होता आणि आमच्यातला भाई रोजे धरतो. भाई म्हणजे आमचा शाळेपासूनचा मित्र. घरचा धंदा मटणाचा, आणि सीख, म्हणजे सळईवरचा खिम्याचा कबाब, करावी तर त्यानंच. कुणीतरी म्हणालं, ईद होऊ द्या, मग बसू. तर तोच म्हणाला, ‘‘माझ्यासाठी कशाला थांबता? पाचला जाळ लावला तर आर पडायला दीड तास लागतोय. रोजा सुटायचा टाइम अन् विस्तव तयार व्हायचा टाइम एकच येतोय की.’’ रंगपंचमीनंतरचा रविवार तिथंच ठरला. रमजान आहे आणि एक मित्र माळकरी आहे, तेव्हा दारू आणायची नाही, हेही कुणी वेगळं न बोलता ठरलं.

जागा निलंगा तालुक्यातली, एका मित्राच्या आखाड्यावरची, म्हणजे रानातल्या घराजवळची. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी परवानगी लगेच दिली, पण जागा दाखवायचं काम स्वतःकडं ठेवलं. आम्ही आपले विहिरीजवळच्या चिंचेखाली बसायच्या विचारात. सावली आहे, पाणी जवळ आहे. अण्णा आम्हाला झाडाखाली घेऊन गेले आणि बोट वर केलं. आडव्या फांदीच्या पोटाला परातीएवढं आग्या मोहोळ लागलेलं. ‘‘धूर ह्याच्याकडं गेला तर पळायला रान पुरायचं नाही,’’ म्हणाले. मग बुचाड दाखवलं. वारं कुठून येतंय ते मातीची चिमूट सोडून बघितलं. ज्वारीची धसकटं उभी असलेला तुकडा तर त्यांनी साफ नाकारला, कारण वाळलेली धसकटं आणि पाला ठिणगीची वाटच बघत असतात. शेवटी नांगरून टाकलेला एक पट्टा त्यांनी निवडला. नुसती ढेकळं, पेटण्यासारखं काडीभरही नाही, बुचाड वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि मोहोळ एका बाजूला भरपूर लांब. दोन घागरी आणि एक पाण्याचा ड्रम आधी तिथं आणून ठेवायला लावला. ‘‘आधी पाणी, मग काडी.’’

मी हे एवढं सांगतोय कारण फाल्गुन-चैत्रात कडब्याच्या गंजी पेटल्याच्या बातम्या आमच्याकडं दरवर्षी असतात. एक गंजी म्हणजे एका घरच्या जनावरांचं पावसाळ्यापर्यंतचं पोट. आपल्या एका संध्याकाळीसाठी ते पणाला लावू नये. रानात विस्तव करायचा असेल तर रान ज्याचं आहे आणि ज्यानं ते राखलंय, त्याला जागा निवडू द्यावी.

आता विस्तव. मला या सगळ्यात खरी गोडी आहे ती याचीच. शहरात बार्बेक्यू म्हणून जे मिळतं त्यात कोळशाची पिशवी फोडतात आणि अर्ध्या तासात मोकळे होतात. त्यात वाईट काही नाही. पण बाभळीचं लाकूड जाळून त्याचे निखारे स्वतः पाडायचे, ही गोष्टच निराळी. बाभूळ जड, गाभा घट्ट. निखारा पडायला वेळ लागतो, पण पडला की धग एकसारखी देतो आणि लवकर राख होत नाही. बांधावरची एक वाळलेली बाभूळ अण्णांनी आदल्या हिवाळ्यात तोडून ठेवली होती. मनगटाएवढे तुकडे, साल सुटलेली. पेटवायला तुराट्या आणि वाळलेल्या गोवऱ्या. रॉकेल, पेट्रोल यांचं नाव काढायचं नाही, वास मटणात उतरतो. कडुनिंबाचा कडवट धूर मला चालत नाही. रंग दिलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड तर जवळही आणू नये. आणि एक गोष्ट पोराबाळांना बजावून सांगण्यासारखी: कण्हेरीच्या काड्या सरळ असतात, हाताला सापडतात, म्हणून कुणी त्यांना काही टोचून भाजायला घेऊ नये. कण्हेर विषारी असते, तिचा धूरसुद्धा नको.

चर खणला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, वीतभर खोल. दोन्ही लांब बाजूंना विटांची एकेक ओळ. त्यावर जाळी. ही जाळी आम्ही निलंग्याच्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडून साध्या लोखंडी गजांची करून घेतली होती, गजागजात बोटभर अंतर. तयार मिळते ती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी स्वस्त पडते, पण तिला जस्ताचा मुलामा असतो. तो निखाऱ्यावर तापला की निघणारा धूर छातीला वाईट, त्यामुळं ती घ्यायची नाही. नवी जाळी आधी मोकळ्या जाळावर लालभडक तापवली, निवल्यावर राखेनं आणि काथ्यानं घासली, आणि भाजायच्या आधी अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावरून फिरवला. कांदा फिरवला की मटण चिकटत नाही आणि मागची काजळीही निघून येते.

चराच्या शेजारी आणखी एक खड्डा. लोक हा खड्डा करत नाहीत आणि मग अर्ध्या वाटेत विस्तव संपला म्हणून बसतात. या दुसऱ्या खड्ड्यात मोठा जाळ सतत चालू ठेवायचा, आणि तिथं पडलेले निखारे फावड्यानं उचलून चरात सारायचे. चरात जळतं लाकूड कधीच टाकायचं नाही. ज्वाळेवर मटण वरून काळं होतं, आत कच्चं राहतं, आणि धुराची कडसर चव लागते ती वेगळीच. भाजायचं ते निखाऱ्यावर, आणि निखारा तयार झाला हे ओळखायचं त्याच्या अंगावर आलेल्या राखाडी पुटावरून. चराच्या एका टोकाला निखाऱ्यांचा जाड थर, दुसऱ्या टोकाला विरळ. जाड बाजूला वरचा रंग घ्यायचा, विरळ बाजूला आत शिजू द्यायचं. धग किती आहे हे बघायला तळहात जाळीच्या वर वीतभर धरायचा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत हात ओढून घ्यावा लागला तर धग कडक, पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम.

मटणाचं सगळं भाईकडं होतं. बोकड उस्मानाबादी. काळी, अंगानं सुटसुटीत, आमच्या लातूर-तुळजापूर-उदगीर पट्ट्यातली ही जात, आणि तिचं मटण नावाजलेलं. निखाऱ्यासाठी बोकड कोवळं लागतं. जुनं जनावर रश्श्याला बरं, तीन तास चुलीवर रटरटून मऊ होतं. निखाऱ्यावर तेवढी सवलत मिळत नाही. बोटीसाठी मांडीचं बिनहाडाचं मटण त्यानं आदल्या रात्रीच वाटण लावून ठेवलं: घट्ट दही, आलं-लसूण, मीठ, लाल तिखट आणि सालीसकट वाटलेली कच्ची पपई. पपई किलोला दोन चमचे, जास्त नाही. तिच्यातला पापेन मटणाचे तंतू सोडवतो, पण हात सैल सोडला तर मटणाचा लगदा होतो, वर दाताला लागेल असं काही उरत नाही.

मला काळा मसाला घालायचा होता. आमच्या घरचा, दगडफूल आणि भाजलेलं सुकं खोबरं घातलेला. भाईनं आधीच घालू दिला नाही, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. खोबरं आणि भाजलेला मसाला निखाऱ्यावर लगेच करपतो. त्यानं तो करडईच्या तेलात कालवायला लावला आणि बोटी उतरवायच्या आधी अगदी शेवटी पिसानं लावावा तसा वरून लावला. तेलात भिजलेला मसाला अर्ध्या मिनिटात फुलतो. त्या वासानं अण्णासुद्धा बाजेवरून उठून चरापाशी आले. करडईचं तेल आता आमच्याकडंही शोधून आणावं लागतं. एके काळी ज्वारीच्या कडेनं करडईची काटेरी पाटी असायचीच. सोयाबीन आलं आणि ती गेली. घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा जो गोडसर वास आहे तो दुसऱ्या कुठल्याही तेलाला नाही, आणि भाजलेल्या मटणावर तो फार शोभतो.

सीख मात्र बघत राहावी अशी गोष्ट. खांद्याचं मटण आणि पाचात एक भाग चरबी, यंत्रातून दोनदा काढलेला खिमा. कांदा किसून फडक्यात पिळून कोरडा केलेला, कारण कांद्याचं पाणी राहिलं तर खिमा सळईवरून गळून पडतो. हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, गरम मसाला, आणि बांधायला थोडं डाळ्याचं पीठ. मग भाई तो परातीत घेऊन तळहाताच्या टाचेनं मळत बसला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. खिमा आधी सुटासुटा असतो, मग हाताला धरायला लागतो, आणि शेवटी कणकेच्या गोळ्यासारखा परातीपासून एकसंध सुटून येतो. तो सुटला की मळणं थांबवायचं.

पण मीठ बघणार कोण? भाईचा रोजा. कच्चा खिमा चाखायचा प्रश्नच नाही. त्यानं सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजला आणि आमच्यातल्या सरांच्या हातावर ठेवला. सर चावत होते आणि भाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होता.

‘‘काय?’’

‘‘चांगलं आहे की.’’

‘‘चांगलं इचारलं का मी? मीठ सांग.’’

‘‘जरासं कमी आहे.’’

‘‘जरासं म्हंजी चिमूट का चमचा?’’

सरांनी दुसरा गोळा मागितला. चिमूट वाढवलं, तिसरा भाजला, मग त्याचं समाधान झालं. स्वतःच्या जिभेला दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडावरून तो चव वाचत होता. त्या रात्री सगळ्यांच्या तोंडी सीखेच्या मिठाचं कौतुक होतं.

सळया त्याच्या घरच्या, आजोबांच्या वेळच्या, चौकोनी. गोल सळईवर खिमा जागच्या जागी फिरतो; आपण सळई उलटतो, खिमा आहे तसाच राहतो आणि एकच बाजू भाजते. चौकोनी सळई त्याला धरून ठेवते. हात पाण्यात बुडवायचा, खिम्याचा मुटका सळईवर दाबायचा आणि बोटांच्या पेरांनी लांबवत न्यायचा, अंगावर उथळ खळ्या राहतील असा. सीख जाळीवर ठेवायची नाही. सळईची दोन्ही टोकं विटांवर टेकवायची, खिमा मधे अधांतरी.

हे सगळं कच्चं सामान रानात थर्माकोलच्या डब्यात आणलं होतं, खाली-वर बर्फ. उन्हाळ्यात याला पर्याय नाही. असल्या गरमीत कच्चं मटण, चिकन तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर राहू देऊ नये. कच्च्याचं ताट वेगळं, भाजलेल्याचं वेगळं, चिमटेही वेगळे. हे काम सरांनी अंगावर घेतलं आणि कुणी कच्च्याचा चिमटा भाजलेल्याला लावला की ते वर्गात ओरडतात तसे ओरडत होते. त्यांचं मला मनापासून पटतं. दुसऱ्या दिवशी कुणाचं पोट बिघडलं तर त्या संध्याकाळीची आठवणच नासते.

आमचा माळकरी मित्र, त्याला आम्ही माऊलीच म्हणतो, तो येईल की नाही ही मला धाकधूक होती. मी त्याला सरळ विचारलं, तर म्हणाला, ‘‘तुम्ही खाताव म्हणून मी यायचं नाही का? माझी चूल तेवढी अलग करा.’’ तर त्याचा चर अलग, जाळी अलग, चिमटा अलग, आणि तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे आमचा धूर त्याच्याकडं जाणार नाही असा. त्याच्यासाठी म्हणून जी जुळवाजुळव केली तिचा फायदा सगळ्यांना झाला, कारण त्याच्या चरावर जे तयार झालं ते संपायला वेळ लागला नाही. काटेरी वांगी त्यानं जाळीवर ठेवलीच नाहीत, थेट निखाऱ्यात घातली. साल पूर्ण काळी होऊन आतला गर खदखदायला लागला आणि देठाशी वाफ फुटली की बाहेर काढायची. साल सोलून त्यात भाजलेल्या मिरच्या, लसूण, दाण्याचं कूट, मीठ. कांदे फुफाट्यात पुरले, सालीसकट. बाहेरचे दोन पदर जळून गेले आणि आतला कांदा गोड, पाणीदार. रताळीही तशीच. पनीरचे चौकोन टांगलेल्या दह्यात हळद-तिखट कालवून लावले होते, ते जाड निखाऱ्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उलटायचे, नाहीतर रबर होतं.

चटणी नव्या चिंचेची. आमच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा इकडं सगळ्यांना अभिमान आहे. नव्या चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेले जिरे, पुदिना आणि सुकी लाल मिरची निखाऱ्यावर शेकून चुरडलेली. भाजलेल्या मटणाला लिंबू सगळेच पिळतात. एकदा ही चटणी लावून बघावी.

पाच वाजता जाळ लावला. तुराट्या भुरकन पेटल्या, गोवऱ्यांनी धरलं, मग बाभळीचे तुकडे तडतडायला लागले. पहिला अर्धा तास नुसता जाळ आणि धूर, आणि कुणालाही काही काम नाही. खरं तर हाच वेळ गप्पांचा. कुणाच्या पोराची दहावी, कुणाच्या विहिरीला किती परस पाणी राहिलं, कोण पुण्याहून परत यायचं म्हणतंय. निलंग्यात दुकान चालवणारा एक मित्र दर दहा मिनिटांनी म्हणायचा, ‘‘टाकू का आता?’’ आणि भाई दर वेळी म्हणायचा, ‘‘थांब की. जाळ दिसूलालाय अजून.’’ सहा वाजले तशी ज्वाळा खाली बसली. सव्वासहाला पहिले निखारे फावड्यानं चरात आले. लाल रंगावर हळूहळू राखाडी पूट चढलं.

साडेसहाच्या पुढं चार-पाच मिनिटांनी दिवस बुडाला. गावातल्या मशिदीतून अजान ऐकू आली. माऊलीनं कापून ठेवलेल्या कलिंगडाचं ताट भाईपुढं सरकवलं, सरांनी खजुराची पुडी सोडली. त्यानं खजूर खाल्ला, पाणी प्यायला, ढेकळांतून चार पावलं बाजूला सपाट जागा बघून नमाज पढला. तोवर आम्हीही कुणी काही तोंडात टाकलं नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं. नमाज पढून आला आणि बाह्या सारून म्हणाला, ‘‘आना रे सळया.’’

पुढचा दीड तास फार भराभर गेला. सीख कडक निखाऱ्यावर, आणि खाली ठेवल्या ठेवल्या हलवायची नाही. खालची बाजू धरू द्यायची, मगच पाव वळसा. पाव-पाव वळसा देत आठ-दहा मिनिटांत ती सगळीकडून तांबूस होते आणि चरबीचे थेंब टपटप निखाऱ्यावर पडायला लागतात. थेंब पडला की भपकन जाळ उठतो. अशा वेळी दुकानदार मित्र पाणी मारायला धावला होता, भाईनं त्याचा हात धरला. पाणी मारलं की राख उडून मटणावर बसते. जाळ उठला तर सळई उचलून विरळ बाजूला न्यायची, नाहीतर निखारे चिमट्यानं पांगवायचे, जाळ आपोआप बसतो.

चिकनच्या तंगड्या होत्या, ब्रॉयलरच्या. गावरान कोंबडी निखाऱ्यावर चिवट होते, तिला रस्साच पाहिजे. तंगड्यांना तीन-तीन खोल चिरा, आधी जाड निखाऱ्यावर रंग, मग विरळ बाजूला परात पालथी घालून वीस-पंचवीस मिनिटं. पालथ्या परातीखाली भट्टीसारखी धग कोंडते आणि हाडापाशीही शिजतं. चिकन कच्चं राहून चालत नाही. आत 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान गेलं पाहिजे. रानात थर्मामीटर नसतो, तर हाडाशेजारी सुरी खुपसायची. पाणी गुलाबी आलं तर परत झाकायचं, नितळ आलं तर झालं. बोटी शेवटी, आणि उतरवल्यावर लगेच तुटून न पडता पाच मिनिटं झाकून ठेवायच्या, म्हणजे रस आत मुरतो. ती पाच मिनिटं पाळायला लावणं हे त्या संध्याकाळचं सगळ्यात कठीण काम होतं.

खायला ताटं घेतलीच नाहीत. आखाड्यावरून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, पातळ, पापुद्रा सुटलेल्या. भाकरीवरच सीख, वर चिंचेची चटणी, बाजूला फुफाट्यातला कांदा हातानं फोडून. नवी मालदांडी होती, महिनाभरापूर्वी याच रानातून निघालेली. भाकरीचा तो पहिला गोडवा आणि त्यावर बाभळीच्या निखाऱ्याचा वास: मी हैदराबादला खाल्लंय, पुण्या-मुंबईला महागड्या ठिकाणी खाल्लंय, पण ही चव मला कुठं मिळाली नाही. ती मिळणारही नाही, कारण तिच्यातलं अर्धं या मातीतून आलंय. अण्णा वयामानानं मटण कमी खातात. त्यांनी दोन सीखा आणि माऊलीचं भरीत घेतलं आणि सगळं निगुतीनं संपवलं. प्यायला माठातलं पाणी आणि कैरीचं पन्हं, कैऱ्याही निखाऱ्यावरच भाजलेल्या.

साडेआठला भाई तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या, नमाजसाठी गाडी काढून गावात गेला. आम्ही त्याच्यासाठी दोन तंगड्या परातीखाली विरळ निखाऱ्यावर ठेवल्या आणि उरलेल्या धगीवर माऊलीनं शेंगा भाजायला टाकल्या. तो परत आला तेव्हा वारं चांगलं गार झालं होतं. कुणी घोंगडं मागितलं, मार्चच्या शेवटी! दिवसा ज्या रानात उभं राहवत नव्हतं तिथं.

विस्तव विझवायचं काम अण्णांनी आमच्यावर सोडलं नाही. नुसती माती लोटली की विझलं असं वाटतं, पण मातीखाली बाभळीचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि पहाटे वारं फिरलं की तो उघडा पडतो. त्यांनी दोन्ही चरांत आणि जाळाच्या खड्ड्यात घागर ओतली, फावड्यानं खालपर्यंत उलटंपालटं केलं, परत घागर ओतली. वाफ पूर्ण थांबल्यावर हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघितली, आम्हालाही बघायला लावली. मगच माती. सकाळी ते परत एकदा येऊन बघून गेले, हे त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं. जाळ्या दोन्ही आखाड्यावर टांगल्यात, तेलाचा हात देऊन, मटणाची आणि माऊलीची अलग अलग खुंट्यांवर.

पुढच्या बेताचं बोलणं तिथंच झालं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो. आपले सण तेवढेच अलीकडं येतात, पण अधिक महिना आला की परत मागं सरकतात. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे 2027 ची होळी येईल तेव्हा ईद होऊन गेलेली असेल. भाईनं बोटांवर मोजून बघितलं आणि सरांना म्हणाला, ‘‘अजून एक साल तुमची जीभ लागंल. मग मीठ मीच बघतो.’’ मिस्त्रीकडं आणखी सहा चौकोनी सळया सांगून ठेवल्यात.